सगळ्यांना मुभा

हळदीचा भाव पूर्वी तोंडाने बोलत नसत. अडत्या आणि व्यापारी हातांवर रुमाल टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवायचे. भोवती पन्नास माणसं उभी असोत, भाव त्या दोघांनाच ठाऊक. याला हत्ता म्हणत. त्यात शेतकरी नागवला जायचा म्हणून हत्ता बंद झाला, आणि झाला ते बरंच झालं. मग उघडे सौदे आले आणि ते पुकारायला गळा असलेली माणसं लागली. माझे वडील हत्त्यातले शेवटचे, मी पुकाऱ्यातला शेवटचा. माझ्यानंतर संगणकाचे पडदे आले. आता व्यापारी परगावी घरात बसून चष्म्यातून हळद बघतात आणि भुवई उडवून बोली लावतात.

मी भूपाल मगदूम. मार्केट यार्डात भूपालअण्णा म्हणतात. माझा आवाज एके काळी रेल्वे फाटकापर्यंत जायचा. आज हे सगळं मी डाव्या हाताच्या एका बोटाने, एकेक वाक्य दाराबाहेर सोडत सांगतोय. असं का, ते पुढे येईलच. घाई करू नका, मलाही ती जमत नाही.

माझ्या बायकोला, त्रिशलाला, मी हत्ता शिकवला तो लग्न ठरल्यावर. आमचा घरगुती हत्ता अगदी साधा होता. एक बोट दाबलं की थांब. दोन दाबली की चल, निघू. पाची बोटं म्हणजे सौदा पक्का, मागे फिरणं नाही. पाची बोटं आम्ही फार वेळा वापरली नाहीत, पण दोन बोटं मात्र झिजवली. कुणाच्या लग्नात आशीर्वादाची भाषणं लांबली की ती मांडीवर रुमाल टाकायची आणि दोन बोटं दाबायची. मी लगेच पोटात कळ आल्याचं तोंड करायचो आणि आम्ही सटकायचो. ती कळ मी इतकी हुबेहूब काढायचो की तिच्या मावशीने एकदा खरोखर ओवा आणून हातावर ठेवला.

ही सोंगं काढायची खोडच मला भोवली. एका रविवारी त्रिशला गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या एका बाजूला कललो. तोंड वाकडं झालं. तिने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "पुरे झाली सोंगं. नंदिनीच्या वास्तुशांतीला आज जायचंच आहे." आणि बादलीतले उरलेले कपडे संपवायला वळली. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती परत आली तेव्हा माझ्या तोंडातून लाळ गळत होती. मग ॲम्ब्युलन्स, मिरज, धावपळ. मेंदूच्या देठाशी गुठळी अडकली होती. उजवी बाजू गेली, जीभ गेली. समजत सगळं होतं, डोक्यात वाक्यं पूर्वीसारखीच धडाधड तयार होत होती, पण बाहेर यायला वाट नव्हती. डाव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं तेवढी हुकमात राहिली.

पुष्कळ महिने मी असा गप्प होतो. बोलक्या माणसाला गप्प बसवणं म्हणजे काय, ते मी सांगत बसत नाही. मग वैखरी आली.

वैखरी हे यंत्राचं नाव. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी ते समजावून सांगितलं होतं. आपल्याकडे वाणीच्या चार पायऱ्या मानतात. सगळ्यात वरची, कानाला ऐकू येणारी, ती वैखरी. तिच्या खालची मध्यमा, म्हणजे माणूस मनातल्या मनात बोलतो ती. माझी मध्यमा शाबूत होती, वैखरी गेली होती. त्यांनी कवटीच्या आत, जिभेला आणि ओठांना हुकूम सोडणाऱ्या भागावर, पापडाहून पातळ अशी तारांची जाळी बसवली. जीभ मेली तरी मेंदू हुकूम सोडायचं थांबत नाही. ते हुकूम जाळी टिपते आणि कपाटावर ठेवलेल्या विटेएवढ्या डब्याकडे पाठवते. डबा त्यांची वाक्यं करतो आणि स्पीकर ती बोलतो. आवाज माझाच, कारण यार्डातली माझी जुनी रेकॉर्डिंग भरपूर होती.

अडचण एकच होती. मनातलं कुठलं वाक्य बोलण्यासाठी आहे आणि कुठलं नुसतं येऊन जाणारं, हे डब्याला आधी कळत नाही. म्हणून तो प्रत्येक वाक्याची एक छोटी फाइल करतो आणि तिला कुलूप घालतो. आमची मुलगी अनुजा पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याचे संगणक सांभाळते. तिने मला हे सोप्या भाषेत सांगितलं होतं. "पप्पा, प्रत्येक फाइल म्हणजे एक खोली समजा. दाराला तीन किल्ल्या. एक मालकाची, म्हणजे तुमची. एक घरच्यांची, मम्मीची आणि माझी. तिसरी बाकी सगळ्या जगाची. कुठली किल्ली लागते आणि कुठली नाही, ते त्या फाइलीवर लिहिलेलं असतं. स्पीकर फक्त ज्या खोलीत शिरायची मुभा आहे तिथलंच वाचतो."

माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदूत एक बारीकसा जोर लागतो. त्या जोरावरून डबा हळूहळू शिकला. आपण होऊन कुलपं उघडायला लागला. हे घरच्यांसाठी, हे पाहुण्यांसाठी, हे कुणासाठीच नाही. वर्षभरात तो इतका तयार झाला की मला त्याची आठवणही राहिली नाही. मी बोलायचो आणि आवाज यायचा. कुलूपबंद वाक्यांचा मागे केवढा ढीग साठतोय, याचा विचार मी कधी केला नाही. तुम्ही तरी तुमच्या डोक्यातल्या ढिगाचा करता का?

माझ्या ढिगात काय होतं, त्यातलं थोडं सांगतो. रोज दुपारी जेवण झालं की मी झोपेचं सोंग घ्यायचो. डोळे मिटले की त्रिशला थोडा वेळ खुर्चीत बसायची, मग दार ओढून खाली जायची. नंदिनीकडे. तिची शाळेपासूनची मैत्रीण, दोन इमारती पलीकडे राहणारी. मला बरं वाटायचं. दिवसभर माझं अंग पुसायचं, मला भरवायचं, कूस बदलायची, आणि वर माझे विनोद ऐकायचे. तिने तासभर तरी चार माणसांत बसावं, हसावं. ती गेली की मी डोळे उघडून छताकडे बघत पडायचो. त्या तासाइतका रिकामा तास दिवसात दुसरा नव्हता. पण तो मी तिला दिला होता, त्यामुळे मला थोडं दानशूरही वाटायचं.

यार्डात सौदे पडद्यावर गेले तरी एक रीत राहिली होती. हंगामातल्या नव्या हळदीचा पहिला सौदा, मुहूर्ताचा, तोंडी पुकारायचा. यंदा बाजार समितीचे सभापती स्वतः घरी आले. "अण्णा, आवाज तुमचाच हाय न्हवं? मग डब्यातनं आला म्हणून काय झालं? मुहूर्त तुम्हीच पुकारायचा." मी आठवडाभर मनात पुकारे घोळवत होतो. त्रिशलाने माझा फेटा इस्त्रीला दिला. अनुजा मुद्दाम पुण्याहून आली.

आणि मुहूर्ताच्याच दिवशी सकाळी वैखरी मुकी झाली.

रात्री कंपनीकडून तिची नवी आवृत्ती आली होती. मी "चहा" म्हणालो, तर स्पीकर बायकी आवाजात म्हणाला, "परवानगी नाही." मी शिवी दिली. "परवानगी नाही." त्रिशलाला आधी हसू आलं, मग ती घाबरली. अनुजाने डब्याला कीबोर्ड जोडला आणि काय झालंय ते तिला लगेच कळलं. नव्या आवृत्तीत स्पीकरचा ओळख-क्रमांक बदलला होता. किल्ल्या जुन्या क्रमांकाच्या नावावर होत्या. नवा स्पीकर प्रत्येक दारापुढे परका ठरत होता.

"दुरुस्त होईल?" त्रिशलाने विचारलं.

"होईल गं, पण नीट करायचं तर वेळ लागेल. एकेक बघायला हवं." अनुजाने घड्याळाकडे पाहिलं. खाली यार्डाची गाडी येऊन उभी होती. मी खुर्चीत फेटा बांधून बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांत काय दिसत होतं कोण जाणे, पण तिने माझ्याकडे बघितलं आणि ओठ चावला. "जाऊ दे. आत्तापुरते तीन सत्ते टाकते. संध्याकाळी आले की नीट लावते."

पत्त्यांतल्यासारखे तीन सत्ते. तिच्या धंद्यात किल्ल्यांचे आकडे असतात. पहिला आकडा मालकाचा, दुसरा घरच्यांचा, तिसरा जगाचा. सात म्हणजे पूर्ण मुभा. तीन सत्ते म्हणजे सगळ्यांना सगळं उघडं. संगणक सांभाळणारी माणसं अडली की आधी हेच करतात, असं तिनेच पूर्वी हसत सांगितलं होतं. करू नये हे प्रत्येकाला शिकवलेलं असतं आणि प्रत्येक जण करतो. तिने एक ओळ लिहिली. मुळापासून शेंड्यापर्यंत सगळ्या खोल्यांना लागू, आणि पुढे जन्मणाऱ्या खोल्यांनाही. बटण दाबलं.

"चहा," मी म्हणालो, आणि माझ्याच आवाजात चहा ऐकू आला. त्रिशलाने टाळी वाजवली. लगेच स्पीकर म्हणाला, "हिरवी साडी नेसलीय. छान दिसते."

ती लाजली. अनुजा म्हणाली, "काय पप्पा, आज फॉर्मात!" मीही डोळ्यांनी हसलो. पण हे वाक्य मी सोडलं नव्हतं. मला वाटलं, आनंदाच्या भरात जोर लागला असेल. तेवढ्यावर आम्ही निघालो.

यार्डात हळदीचा वास नाकात शिरला आणि मला भरून आलं. मांडवात पोत्यांची थप्पी, पुढे व्यापारी, मागे शेतकरी. वैखरीची तार लाउडस्पीकरला जोडली. मी मनात श्वास घेतला आणि पुकारलं, "राजापुरी हळद, पहिलं पोतं, बोला!" आवाज मांडवाबाहेर गेला. माणसं उठून उभी राहिली. मी बोली चढवत नेली. एवढ्यात त्याच आवाजात, त्याच ठेक्यात लाउडस्पीकर म्हणाला, "सुराणा शेठ नाक खाजवतोय म्हणजे अजून चढणार. सोडू नका याला."

मांडव हसला. सुराणा शेठही हसला, नाकावरचा हात मात्र पटकन खाली घेतला. सगळ्यांना वाटलं अण्णांचा जुना खोडसाळपणा. "सभापतींच्या गळ्यात केवढा हार. मान आहे की नाही आत?" पुन्हा हशा.  थांबवावं म्हटलं, पण मनाला थांब म्हणणंसुद्धा मनातच असतं. "थांब. थांब भूपाल. गप्प बस," लाउडस्पीकर म्हणाला. "दुसऱ्या पोत्याच्या तळाला ओली हळद आहे, वरच्या वजनानेच पोतं बसलंय." तो शेतकरी समोर उभा होता. त्याचा चेहरा पडला आणि हशा थांबला.

सभापतींनी प्रसंग सावरायला माइक हातात घेतला. "अण्णा म्हंजे अण्णाच! पण मंडळी, आज अण्णा आपल्यात हाईत ते कुणामुळं? वहिनींमुळं. त्या माउलीनं जीव वाचिवला. वाजवा टाळ्या!"

टाळ्या पडल्या. त्रिशला माझ्या मागे खुर्चीला धरून उभी होती. आणि माझ्या मनात ते वाक्य आलं. ते अधूनमधून यायचं. दारावर आलेल्या माणसाला आपण आतूनच पुढे जा म्हणतो, तसं मी त्याला नेहमी घालवून द्यायचो. त्याला कधी घरात घेतलं नव्हतं, बसायला दिलं नव्हतं. आज दारच नव्हतं.

"हिने कपडे टाकून आधी माझ्याकडे बघितलं असतं, तर आज मी माझ्या गळ्याने पुकारलं असतं."

टाळ्या अर्ध्यावर विरल्या. अनुजाने धावत येऊन तार ओढून काढली. मी त्रिशलाकडे बघू शकत नव्हतो, मान वळत नाही. खुर्चीच्या पाठीवर तिचा हात होता, तो निघाल्याचं तेवढं मला जाणवलं.

घरी आल्यावर अनुजा डब्यासमोर बसली ती उठेचना. मागची स्थिती आणायची एक आज्ञा असेल असं मला वाटत होतं. नव्हती. किल्ल्या बदलल्या की आधी काय होतं याची नोंद कुठे राहत नाही. सगळी दारं उघडी केल्यावर कुठलं मुळात बंद होतं हे दाराकडे बघून कसं कळणार? डब्याची प्रत होती, पण ती दुकानातून आणलेल्या साध्या डिस्कवर. तिच्यावर वाक्यं उतरतात, कुलपं उतरत नाहीत. आणि वैखरीचं सगळं शिक्षण त्या कुलपांतच होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "मी तुम्हाला उघडं पाडलं हो." लहानपणी पाटी फुटली तेव्हा रडली होती तशी रडली.

"रडू नको. तुझी चूक नाही," स्पीकर म्हणाला, आणि पुढे म्हणाला, "तुझीच आहे. एवढं शिकून घाई."

तिने डोळे पुसले आणि मान डोलावली. दुसरं वाक्य तिला जास्त पटलेलं दिसलं.

त्रिशलाने सूर्य मावळायच्या आत मला भरवलं, रोजच्यासारखं. चमचा, पाणी, रुमाल. माझ्या गळ्याशी रुमाल खोचताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. ताट ठेवून ती समोर येऊन बसली. "बोला," म्हणाली. "जे काय आहे ते बोला एकदाचं."

मी सगळा जीव एकवटला. "त्रिशला, माझं चुकलं."

तेवढंच म्हणायचं होतं. पण स्पीकर कुठला थांबतो? "असं म्हटलं की ही रडेल. रडली की मोकळी होईल. खालून सुरुवात करायची, एकदम वर जायचं नाही. नाही, हे नको. हे ऐकू नकोस. हिचा चेहरा केवढा उतरलाय. मी त्या दिवशी मेलो असतो तर सुटली असती. हेसुद्धा हिला ऐकवायलाच म्हणतोय की काय मी?"

आयुष्यभर माफी मागण्याचे प्रसंग आले तेव्हा मी एका वाक्यात सुटलो होतो. कारण त्या वाक्याच्या मागची बाकीच्या वाक्यांची गर्दी कुणाला दिसत नव्हती. आता माझी माफीसुद्धा सौद्यासारखी ऐकू येत होती. खरं सांगतो, ती खरी होती. पण तिच्याबरोबर जे जे आलं तेही खरंच होतं, त्याला मी काय करू?

मी घाबरून डोळे मिटले. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. "झोपलोय असं दाखवतो. रोजच्यासारखी जाईल नंदिनीकडे. चार माणसांत बसली की हिला बरं वाटेल."

 मग त्रिशलाचा आवाज आला. "तुम्ही रोज झोपायचं सोंग घेता?"

मी डोळे उघडले.

"नंदिनी तिच्या मुलाकडे राहायला गेली, कधीच," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. मी खाली पार्किंगमध्ये आपल्या स्कूटरवर बसते. तुम्हाला झोप मिळावी म्हणून. वर भांडं जरी वाजलं तरी तुम्ही जागे होता असं मला वाटायचं."

म्हणजे तो तास मी वर छत बघत होतो आणि ती खाली भिंत बघत होती, दोघं एकमेकांवर उपकार करत. हसू यावं असंच होतं ते, पण कुणी हसलं नाही. स्पीकर हळूच म्हणाला, "एकटी. तीही एकटी." त्यावर ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजाने तीन वाटा सांगितल्या. आहे तसं उघडं ठेवायचं. किंवा कुणीतरी बसून लाखो वाक्यं एकेक वाचायची आणि कुलपं लावायची. किंवा सगळी दारं एकदम बंद करायची, जुना ढीग पुरून टाकायचा आणि वैखरीला पहिल्यापासून शिकवायचं. नव्याने शिकेपर्यंत प्रत्येक वाक्य मी बोटाने बटण दाबून सोडलं तरच बाहेर येईल, आणि ते बटण घडायलाच काही आठवडे लागतील. तोवर मी मुका.

"बंद कर," मी म्हणालो. "नको. परत तो अंधार नको. मला भीती वाटते. बंद कर. बंद कर तरी."

अनुजाचे हात कीबोर्डवर थांबले. "यातलं कुठलं ऐकू मी?"

उत्तर दारातून आलं. त्रिशला ओले हात पदराला पुसत उभी होती. "बंद कर गं," ती म्हणाली. "माणसाला मनात बोलायला जागा नको का? मी तरी काय काय बोलते मनात यांच्याबद्दल. ते कुणी लाउडस्पीकरवर लावलं तर हे माझं तोंड बघणार नाहीत."

अनुजाने एक ओळ लिहिली. स्पीकर म्हणाला, "त्रिशला, तू काय बोल..." आणि थांबला.

त्यानंतरचे आठवडे मला आठवायला आवडत नाहीत. अनुजाला नोकरीवर जावं लागलं. घरात फक्त भांड्यांचा आवाज. त्रिशला सगळं करायची, काही कमी नाही, पण बोलायची नाही. दुपारी ती खाली जात नसे आणि मी डोळे मिटत नसे. दोघांची सोंगं उघडी पडली होती, त्यामुळे दुपारचा तो तास आम्ही समोरासमोर बसून काढायचो, गाडी चुकलेल्या प्रवाशांसारखे. तिने माझं वाक्य मनात ठेवलंय हे मला दिसत होतं. कपडे वाळत घालताना ती आता दर दोन कपड्यांनी मागे वळून माझ्याकडे बघायची. ते बघून मला ओरडावंसं वाटायचं. इतकं एकटं मला आधीच्या मुक्या दिवसांतही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान मला काय म्हणायचं असेल याचा ती चांगला अंदाज करायची. आता तिला खरं माहीत होतं, आणि खरं अर्धवटच असतं.

मग अनुजाचा फोन आला. तो स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकला. "मम्मी, तू माझ्याकडे ये. पप्पांसाठी माणूस ठेवू, चांगला शिकलेला मिळतोय. तू दमलीयस. आधी ये, किती राहायचं ते मग बघू."

त्रिशला "बघते," म्हणाली. तिचं बघते म्हणजे हो असतं.

माणूस आला. सोमनाथ नाव, हाताचा हलका, बरा होता. एका दुपारी तिने त्याला माझं सगळं समजावून सांगितलं, गोळ्या, कूस, पाणी किती कोमट. मग त्याला खाली पाठवलं, बॅग गाडीत ठेवायला. माझं जेवण झालेलं होतं. ती खुर्चीशी येऊन उभी राहिली. हिरवी साडी नव्हती, प्रवासाची साधी होती.

"येते," ती म्हणाली. "फोन करीन. तुम्हाला ऐकू येईल." दारापर्यंत गेली आणि चप्पल शोधू लागली.

माझ्या गळ्याशी जेवणाचा रुमाल तसाच खोचलेला होता. मी दोन बोटांनी त्याचं मांडीपर्यंत लोंबणारं टोक धरलं. ओढलं. तो अर्धा निघाला आणि अडकला. पुन्हा ओढलं. खांद्यातून घामाची धार सुटली. रुमाल निसटून माझ्या मांडीवर पडला आणि मी बोटं चालवत चालवत हात त्याच्याखाली सरकवला. एवढ्या वेळात मला वाटतं एखादा सौदा पुरा झाला असता.

तिने मागे वळून बघितलं, सवयीने. दर दोन कपड्यांनी बघायची तसं.

मांडीवर पसरलेला रुमाल आणि त्याखाली उंच झालेला माझा हात. ती तशीच एका पायात चप्पल घालून उभी राहिली. खाली गाडीने आठवण करून द्यायला हॉर्न वाजवला. मग ती चप्पल काढून आली, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि रुमालाखाली हात घातला.

सौद्यात खालून सुरुवात करायची, एकदम वर जायचं नाही, हे मी आयुष्यभर पाळलं. त्या दिवशी नाही. पहिल्याच बोलीला पाची बोटं द्यायची ठरवली. जेवढी होती तेवढी ताकद हातात आणली आणि तिचा हात धरला. पण वळली ती दोनच बोटं. हुकमातली दोन. बाकीची तीन तिच्या मनगटाशी नुसती पडून राहिली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

दोन बोटं. आमच्या हत्त्यात त्याचा अर्थ काय होतो ते तिला माझ्याइतकंच पाठ होतं. चल, निघू. आणि आज निघणारी ती एकटीच होती.  सोडून पुन्हा धरावं तर हात उघडेना. सांगावं तर वाक्य सोडायला बटण नव्हतं. डोक्यात काय काय येत होतं, भीती, लाज, जाऊ नकोस, आणि एक हिशोबही की आता हिला माझी दया येईल. सगळं आतच राहिलं. तिला कळण्यासारखी फक्त ती दोन बोटं होती.

त्रिशला रुमालाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. हत्त्यात समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, मीच शिकवलं होतं.

मग तिने दुसरा हातही रुमालाखाली घातला. माझं तिसरं बोट तिने चाचपडून शोधलं आणि स्वतःच्या हातावर मिटलं. मग चौथं. मग पाचवं, ते ताठ होतं, त्याला थोडा वेळ लागला. पाची झाल्यावर ती वरून आपला तळवा दाबून बसली, उघडतील म्हणून.

खाली गाडीने पुन्हा हॉर्न वाजवला. वाजवू दे. आमच्याकडे बघायला घरात तिसरं कुणी नव्हतं, तरी तिने रुमाल काढला नाही.